धाप, कायनेज आणि आमच्याकडची तयार उत्तरं

बाईने "जिना चढताना धाप लागते" असं म्हटलं की आमच्या कल्याण-डोंबिवलीत चार उत्तरं तयार असतात. वजन वाढलंय. रक्त कमी असेल. टेन्शन घेऊ नकोस. आणि चौथं, "अगं, चाळिशी आली की होतंच." कोविडनंतर यात पाचव्याची भर पडली, "कोविडमुळे फुप्फुसं कमजोर झाली असतील." यातलं प्रत्येक उत्तर कुणा ना कुणाच्या बाबतीत खरं असतं. पंचाईत तीच आहे. खरं असू शकतं, म्हणून ते तपासून बघायची गरज कुणाला वाटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. धाप लागण्याला कारण असतं आणि ते शोधायचं असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, छातीचा एक्स-रे यांतून सगळ्याचा उलगडा होत नसेल, तर हृदयाचा टूडी इको करून घ्यायलाच हवा, आणि तो "बघू पुढच्या महिन्यात" करत ढकलायचा नाही. का ढकलायचा नाही, त्याचं उत्तर प्रोटीन कायनेज नावाच्या प्रकरणात आहे. नाव ऐकून पळू नका. मी अकरावी-बारावीचे बायोलॉजीचे क्लास घेते, त्यामुळे फळ्यावर न लिहितासुद्धा समजावता येईल असा माझा (गैर)समज आहे. :)

हे लिहायचं निमित्त म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती कल्याणला राहते, नोकरी ठाण्यात. तिनेच सांगितलं, "ताई, लिही. फक्त माझं नाव घालू नकोस, नाहीतर ऑफिसमधले सगळे सहानुभूती घेऊन येतील." म्हणून नाव नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात तिला पहिल्यांदा जाणवलं. ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागायचं. मागून येणारी गर्दी काही थांबत नाही, म्हणून ती कठड्याला टेकून मोबाईल बघितल्यासारखं करायची. पहिल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वाढलं, धाप तशीच. दुसऱ्यांनी वजन कमी करायला सांगितलं. तिने रात्रीचा भात सोडला, पाच किलो कमी केले, धाप वाढली. तिसऱ्यांनी दम्याचा पंप दिला. चौथे म्हणाले ॲन्झायटी आहे. यात दीड वर्ष गेलं. संध्याकाळी पाय सुजायला लागले, चपलेचे पट्टे रुतायला लागले. मग एके दिवशी गाडी पकडायला जरा पळाली आणि फलाटावर चक्कर येऊन पडली. त्यानंतर कुणीतरी इको करायला सांगितला. तो इको करणाऱ्या तंत्रज्ञाने मशीनवरची मान वर करून विचारलं, "मॅडम, तुमच्याबरोबर कोणी आलंय का?"

फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला होता. पुढे मुंबईत उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजला, श्वासनळ्या आणि गुठळ्या यांच्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं: पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. तिला औषधं सुरू होऊन आता बराच काळ लोटलाय. ती नोकरी करते, पूल चढताना थांबते, पण आता मोबाईल बघायचं नाटक करत नाही.

हे फक्त तिच्याच वाट्याला आलं असं समजू नका. अमेरिकेतल्या अशा रुग्णांच्या एका मोठ्या नोंदवहीत दर पाच जणांमागे एकाला लक्षणं सुरू झाल्यापासून निदान व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागल्याचं दिसलं. तिकडे ही गत! आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बराच जास्त आढळतो. म्हणजे ज्यांची धाप सगळ्यात सहज उडवून लावली जाते, त्यांनाच तो अधिक.

आता जरा क्लास.

नातेवाईकांपैकी निम्म्यांनी मला सांगितलं, "म्हणजे बीपीच ना?" नाही हो. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी डाव्या हृदयाने साऱ्या शरीरात ढकललेल्या रक्ताचं, १२० वर ८० वगैरे. उजवं हृदय फक्त शेजारच्या फुप्फुसांकडे रक्त पाठवतं. तिथला सरासरी दाब जेमतेम १४ च्या आसपास असतो. पाऱ्याचे मिलिमीटर, माप तेच. पूर्वी हा सरासरी दाब २५ किंवा जास्त झाला की आजार मानत, २०१८ पासून तज्ज्ञांनी ती रेघ २० च्या वर आणली. एवढ्याशा दाबासाठी बनलेलं उजवं हृदय पातळ भिंतीचं असतं. त्याला तिप्पट-चौपट दाबाविरुद्ध रक्त ढकलायला लागलं तर ते आधी जाड होतं, मग फुगतं, आणि मग थकतं. माणूस शेवटी या थकलेल्या उजव्या हृदयामुळे जातो. आणि हा दाब दंडावरच्या पट्ट्यावर दिसत नाही! जावेचं बीपी प्रत्येक डॉक्टरांकडे ११० वर ७० होतं आणि प्रत्येकाने त्याबद्दल तिचं कौतुक केलं होतं.

तर दाब का वाढतो? बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की नळी आवळली गेलीय, औषधाने सैल केली की झालं. यात अर्धंच सत्य आहे. या आजारात नळीची भिंत आतून वाढते. तिच्यातल्या स्नायूपेशी आणि अस्तराच्या पेशी नको तितक्या विभागत राहतात, मरायला हव्यात तेव्हा मरत नाहीत, आणि मधली वाट बुजत जाते. काही शास्त्रज्ञ तर त्याची तुलना कॅन्सरशी करतात. हा कॅन्सर नाही, तो पसरत नाही, घाबरू नका. पण पेशींचं "आता पुरे" हे भान सुटणं दोन्हीकडे आहे.

हे भान सांभाळणाऱ्यांमध्ये प्रोटीन कायनेज येतात. कायनेज म्हणजे एटीपीमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणारं एन्झाइम. बस, एवढंच काम. पण फॉस्फेट चिकटला की त्या प्रथिनाचा आकार आणि वागणूक बदलते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी हे १९५०च्या दशकात स्नायूंमधल्या एका एन्झाइमवर दाखवलं, त्याबद्दल १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या शरीरात पाचशेच्या वर कायनेज आहेत. कल्याण जंक्शन डोळ्यासमोर आणा. गाडी एकच, पण रूळ कुठे जोडले गेलेत त्यावर ती कसाऱ्याला जाणार की कर्जतला हे ठरतं. पेशीच्या दारात निरोप येतो, आतले कायनेज एकामागून एक रूळ जोडत जातात, आणि शेवटी पेशी वाढायचं की थांबायचं ते करते.

२००० साली दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं की ज्या घराण्यांत हा आजार पिढ्यान्पिढ्या दिसतो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या एका जनुकात बिघाड असतो. त्याचं नाव बीएमपीआर-२. या जनुकापासून बनतं ते पेशीच्या पृष्ठभागावरचं एक कायनेजच: बाहेरून निरोप घ्यायचा आणि आत फॉस्फेट चिकटवायचा. (यातलं 'बी' हाडाचं. हाडं तयार करणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास करताना हे कुटुंब सापडलं म्हणून नाव तसं. फुप्फुसाच्या आजाराला हाडाचं नाव, शास्त्रज्ञांचं हे असंच.) फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत या कायनेजचा निरोप ढोबळमानाने "थांब, पुरे" असा असतो. तो दुबळा पडला की समोरची बाजू वरचढ होते. त्या बाजूला ॲक्टिव्हिन आहे, रक्तकणिकांमधून येणारं पीडीजीएफ नावाचं वाढीचं प्रथिन आहे, आणि त्या पीडीजीएफचा निरोप घेणारंही एक कायनेजच. एक ब्रेक लावणारं, एक गाडी दामटणारं.

आता वरचा मुद्दा पुन्हा बघा. नळी फक्त आवळली असती तर दीड वर्ष उशीर झाला काय, सहा महिने झाला काय, औषध दिलं की सैल झाली असती. पण भिंत रोज थोडी थोडी वाढत असेल, तर लोहाच्या गोळ्या, भात सोडणं आणि पंप यांत गेलेला प्रत्येक महिना त्या भिंतीत भरला जातो. तो सहजी परत काढता येत नाही. म्हणून मी एवढी तावातावाने लिहितेय.

जनुक म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला. "तिच्या माहेरी कुणाला होतं का?" हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी, तीन वेगवेगळ्या लग्नकार्यांत, आवाज खाली करून विचारला. तुम्ही हे वाचताय याची मला कल्पना आहे, म्हणूनच इथे जाहीर उत्तर देते. एक, या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या घराण्यात दुसरं कुणी आजारी नसतं. दोन, बीएमपीआर-२ दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, ते आईकडून येऊ शकतं तितकंच बापाकडूनही येऊ शकतं; माहेर-सासर असा भेद त्याला कळत नाही. तीन, बिघडलेलं जनुक अंगात असूनही कित्येक जण, विशेषतः पुरुष, आयुष्यभर ठणठणीत राहतात. म्हणजे ज्या काकांना कधी धाप लागली नाही त्यांच्याकडूनही ते पुढे गेलेलं असू शकतं. आणि चार, जावेची तपासणी झाली, तिच्यात तो बिघाड सापडला नाही. आता कुजबुज बंद करायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न याहून वाईट. तिला एक मुलगी आहे. "दुसऱ्याचं काय?" बायांनो, काकवांनो, आत्यांनो, या आजारात गरोदरपण बाईच्या जिवावर बेतू शकतं. गरोदरपणी शरीरातलं रक्त वाढतं, उजव्या हृदयावरचा भार वाढतो, आणि बाळंतपणाच्या आधी-नंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे. जगभरचे तज्ज्ञ अशा बाईला गरोदर राहू नये असाच सल्ला देतात. आणि यात वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी काही बाळाला घातक आहेत. हळदीकुंकवाला वाणाबरोबर हा प्रश्न देऊ नका, एवढंच.

आता औषधांकडे. इथे गोष्ट मुंबईशी येऊन भिडते.

इमॅटिनिब हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल, ग्लिव्हेक या नावाने नक्कीच. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक बिघडलेलं कायनेज सतत चालू राहतं, त्याच्या खाचेत जाऊन बसणारी ही गोळी. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली आणि जीवघेणा आजार अनेकांसाठी रोज गोळी घेऊन जगण्याचा झाला. भारतात नोव्हार्टिसने पेटंट मागितलं. त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नकार दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी तिथेही नकारच कायम राहिला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार, असे आकडे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होते. आपल्या लोकलमध्ये परळला उतरून टाटाच्या रांगेत उभे राहणारे कितीतरी लोक या निकालावर जगले.

याचा फुप्फुसाशी संबंध काय? इमॅटिनिब एकाच कायनेजला अडवत नाही, तर पीडीजीएफचा निरोप घेणाऱ्या कायनेजलाही अडवतं. म्हणजे वर ज्याला गाडी दामटणारं म्हटलं, ते! २००५ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी बाकी सगळे उपाय थकलेल्या एका रुग्णाला ते दिलं, आणि तो सुधारला. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये तर भिंतीची वाढ मागे गेल्याचं दिसलं. मग मोठी चाचणी झाली, २०२ रुग्ण, २४ आठवडे. निकाल २०१३ मध्येच आला, न्यायालयाचा निकाल आला त्याच वर्षी.

सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो हे या आजारात मोजतात. इमॅटिनिब घेणारे सरासरी ३२ मीटर जास्त चालले. ३२ मीटर म्हणजे? लोकलचा एक डबा साधारण वीस मीटरचा. म्हणजे दीड डबा. हसू नका, ज्याला फलाटावर लेडीज डब्यापर्यंत पोचायचंय त्याला दीड डबा फार असतो. पण त्याच चाचणीत आणि तिच्या पुढच्या टप्प्यात रक्त पातळ करणारी औषधं बरोबर घेणाऱ्या आठ जणांच्या कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. तिथे ही वाट अडली. नेहमीच्या उपचारांत इमॅटिनिब काही आलं नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे, गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी. त्याच रक्ताच्या कॅन्सरसाठी नंतर आलेलं डॅसॅटिनिब, तेही कायनेज अडवणारं, इमॅटिनिबचा धाकटा भाऊच म्हणा. २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की हे घेणाऱ्या काहींना पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन होतंय. थोरल्या भावाने जो आजार बरा करू पाहिला, तो धाकट्याने निर्माण केला! औषध थांबवल्यावर बरेच जण सुधारतात, सगळे पूर्ण बरे होत नाहीत.

म्हणून "कायनेज वाईट, बंद करा" किंवा "अमुक औषध साइड इफेक्टवालं, नको" असली एका वाक्यातली शहाणीव मला पटत नाही. पाचशे जणांच्या कुटुंबात कोणाला अडवताय आणि कोणाला चालू ठेवताय यावर सगळं आहे. आणि घरात कुणी डॅसॅटिनिब घेत असेल आणि धाप लागायला लागली, तर "कॅन्सर आहे, अशक्तपणा असणारच" म्हणून गप्प बसू नका. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा.

जावेला जे औषध मिळालं ते मात्र डोंबिवलीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. सिल्डेनाफिल. हो, तेच, व्हायग्रातलं. हृदयाच्या दुखण्यासाठी शोधायला घेतलेलं, १९९८ मध्ये भलत्याच कारणासाठी जगप्रसिद्ध झालेलं, आणि २००५ मध्ये अमेरिकेत फुप्फुसातल्या दाबासाठी मान्य झालेलं. त्याचंही काम शेवटी एका कायनेजमार्फतच चालतं. रक्तवाहिनीतलं नायट्रिक ऑक्साइड पेशीत सीजीएमपी तयार करवतं, ते प्रोटीन कायनेज जी ला जागं करतं, आणि ते स्नायूला सैल करतं. सीजीएमपी मोडून टाकणाऱ्या एन्झाइमला सिल्डेनाफिल अडवतं, म्हणून हे कायनेज जास्त वेळ काम करतं. भिंतीची वाढ ते मागे नेतं असं म्हणता येणार नाही, पण हृदयावरचा भार हलका होतो. भारतीय कंपन्या बनवतात म्हणून परवडतं.

आता मेडिकलमधला प्रसंग. जाऊ स्वतः चिठ्ठी घेऊन गेली. काउंटरवरच्या पोऱ्याने चिठ्ठी बघितली, तिच्याकडे बघितलं, शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, मॅडम." दिवसातून तीन वेळा घ्यायचं औषध आहे हे. तिने पुढचे दोन महिने नवऱ्याला पाठवलं, तर त्याला वेगळ्या नजरा. शेवटी मी गेले, माझ्या क्लासच्या आवाजात. सगळं दुकान ऐकेल अशा बेताने सांगितलं की हे फुप्फुसाच्या आजाराचं औषध आहे आणि दर महिन्याला लागणार आहे, आणून ठेवत जा. आता पोऱ्या मला बघितल्यावर उभा राहतो. पण जिला अशी जाऊ नाही, ती लाजेपोटी डोस चुकवत असेल तर? मला वाटतं डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या शेजारी आजाराचं नाव लिहावं. एका ओळीचं काम आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. सिल्डेनाफिल घेणाऱ्याला जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी द्यायची नाही. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारचे आजोबा स्वतःच्या डबीतली गोळी काढून देतात, प्रेमाने. ही दोन औषधं एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. जावेच्या पर्समध्ये तसा कागद आहे, मोठ्या अक्षरात मराठीत.

"अगं, पण प्रत्येक धापेला इको सांगायचा तर डॉक्टरांवर कमिशनचा आरोप होईल," असं माझा भाऊ म्हणतो. म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. उगाच तपासण्या सांगणारे आहेतच. आणि हा विशिष्ट आजार दुर्मिळ आहे, हेही खरं. पण इको काही फक्त दुर्मिळ आजार शोधत नाही. केरळमधल्या पन्नास रुग्णालयांनी मिळून फुप्फुसातला दाब वाढलेल्या दोन हजारांवर रुग्णांची नोंद केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत निम्म्याहून जास्त रुग्णांचं मूळ डाव्या हृदयाच्या आजारात होतं. लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसलेली असते, बाईला वीस वर्षं पत्ता नसतो, मग धाप. ती झडप फुग्याने उघडता येते! जन्मजात भोक असतं, ते वेळेत बुजवता येतं. फुप्फुसात जुन्या गुठळ्या असतील तर काही जणांना शस्त्रक्रियेने जवळजवळ बरं करता येतं. इको न केल्याने एक दुर्मिळ आजार सुटतो असं नाही, हे सगळेच सुटतात. शिवाय मी पहिल्या दिवशी इको म्हणत नाहीये. साध्या तपासण्यांनी कारण कळत नसेल, उपचार करून धाप तशीच असेल, पाय सुजत असतील, किंवा श्रम केल्यावर चक्कर येत असेल तर म्हणतेय. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर थांबूच नका.

आणि हो, डोंबिवलीच्या हवेचं काय, असं कुणीतरी प्रतिक्रियेत विचारणारच. २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता बघितलेली माणसं आपण. एमआयडीसीवर माझा राग तुमच्याइतकाच आहे. पण जावेचा आजार हवेने झाला असं कुठल्याही डॉक्टरांनी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. मला भीती वेगळी आहे. "डोंबिवलीची हवाच खराब" हे सहावं तयार उत्तर होत चाललंय.

२००० साली सापडलेल्या त्या बीएमपीआर-२ चं पुढे काय झालं, ते राहिलं. २४ वर्षांनी त्याच धाग्याला धरून एक औषध आलं, सोटॅटरसेप्ट. दर तीन आठवड्यांनी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन. ते ॲक्टिव्हिनला बाहेरच पकडून ठेवतं, म्हणजे "थांब, पुरे" म्हणणाऱ्या बाजूचं पारडं पुन्हा बरोबरीला येतं. ३२३ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले, २४ आठवड्यांनी सुमारे चाळीस मीटरचा फरक, आणि तोही बाकीची औषधं चालू असताना. आपल्या मापात दोन डबे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. हुंगून घ्यायच्या कायनेज-रोधकांवरही काम झालंय. सेरालुटिनिब नावाच्या अशा औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तवाहिन्यांचा अडथळा थोडा कमी झाला, चालण्याच्या अंतरात मात्र ठळक फरक पडला नाही.

सोटॅटरसेप्टची अमेरिकेतली किंमत एका कुपीला सुमारे १४ हजार डॉलर जाहीर झाली. जावेने तो आकडा रुपयांत गुणून बघितला आणि फोन उलटा ठेवला. ग्लिव्हेकसारखी ही साधी रासायनिक गोळी नाही, जिवंत पेशींकडून बनवून घ्यायचं प्रथिन आहे, त्याची नक्कल करणं जास्त अवघड. तरी आपल्याकडच्या कंपन्या असली प्रथिनं बनवतात, आणि पेटंटला आव्हान कसं द्यायचं हे मुंबईतल्या रुग्णसंस्थेने एकदा दाखवून दिलंय. मला त्याची वाट बघायची आहे. जाऊ म्हणते, "तू बघ वाट, ताई. मी तोवर माझी दुपारची गोळी घेते, दोन वाजले."